अकलोलीला जायचंय

गंधकाचा वास ओल्या केसांत तीन दिवस टिकतो. शिकेकाई लावा, साबण लावा, वर खोबरेल तेल चोपडा, तो वेणीच्या गाभ्यात दडून बसतो आणि बाई दिवा लावायला खाली वाकली, की तिच्या मानेमागून हळूच बाहेर येतो. दर वर्षी माघात, थंडी उतरणीला लागलेली असताना, आमच्या घरातल्या सात जणी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला जात आणि त्यानंतरचे तीन दिवस त्या घराला पेटवून विझवलेल्या काडीचा वास येई. अंगणातल्या दोरीवर सात जणींचे कपडे आणि सात टॉवेल वाळत पडत. खाडीवरून येणारा खारा वारा त्यांतून गेला, की कोवळं ऊनसुद्धा काहीतरी शिजत असल्यासारखं वाटे. मला त्या वासाचं कौतुक नव्हतं. पण ते तीन दिवस सातही जणी शांत झोपत, गोळ्यांसाठी मागे लागावं लागत नसे आणि जेवणाच्या ताटांवरून भांडणं होत नसत, म्हणून मी दर वर्षी न चुकता गाडी ठरवत असे. औषधासारखीच ती सहल होती. औषध म्हणूनच मी ती देत होते.

ते घर पूर्णा गावाच्या कडेला होतं. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं, की आधी भाताची खाचरं लागत, मग शेवग्याची चार झाडं आणि मग कौलारू छपराचं, लांब पडवीचं, चार खोल्यांचं घर. धर्माशेठ पाटलांनी ते आपल्या मुलीसाठी, हिरासाठी, बांधलं होतं. लग्नानंतर चौथ्या महिन्यात सासरच्यांनी तिला बैलगाडीतून परत आणून सोडलं होतं. ती भिंतीशी बोलते, एवढंच कारण त्यांनी दिलं. धर्माशेठनी तिला घराबाहेर काढलं नाही, पण घरातही ठेवलं नाही. मोठ्या घरापासून शंभर पावलांवर, स्वतःच्या शेतात, त्यांनी हे दुसरं घर उभं केलं आणि उगवतीकडची खोली हिराला दिली, कारण पायांवर ऊन आल्याशिवाय ती अंथरुणातून उठत नसे. पुढं इस्पितळातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या बायांसाठी एक ट्रस्ट जागा शोधत त्यांच्याकडे आला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "माझे हिरीला सोबत व्हईल." कागद केला नाही. कागदाचं नाव काढलं, तेव्हा त्यांना राग आला होता म्हणे. "माझा शब्द हाय ना?" एवढंच बोलून त्यांनी किल्ली दिली होती.

मी तिथं गेले, तेव्हा पंचेचाळीस ओलांडलेली, पालिकेच्या दवाखान्यातली नोकरी सोडलेली नर्स होते. ट्रस्टला व्यवस्था पाहणारी बाई हवी होती आणि मला व्यवस्था पाहता येते, दुसरं फारसं काही येत नाही. मी वेळेवर उठवलं, वेळेवर गोळ्या दिल्या, नखं कापली, उवा काढल्या. भिवंडीतल्या मागांवरून कापडाचे तागे येत. त्यांवर लोंबणारे धागे कात्रीनं कापून ताग्यांच्या घड्या घालायच्या, हे बायांचं काम. वेड्या बायांच्या हातात कात्र्या दिल्या, म्हणून गावातल्या सुना सुरुवातीला आपल्या पोरांना आमच्या शेवग्याखालून जाऊ देत नव्हत्या. मी रोज संध्याकाळी कात्र्या डब्यात घालून डब्याला कुलूप लावत असे. नऊ वर्षांत एका कात्रीनं धाग्याशिवाय काहीही कापलं नाही.

त्या घराचे दोन रिवाज होते आणि दोन्ही मी पाडले होते. एक म्हणजे 'ठाणे' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. आमच्या मुलखात माणूस जरा तिरपा बोलला, की दुसरा त्याला "तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे" म्हणतो आणि दोघं हसतात. त्याच ठाण्याला लोक दाखले काढायला, कोर्टाच्या तारखेला, लग्नाचा बस्ता बांधायलाही जातात. पण माझ्या सातही जणींसाठी त्या गावाला वेड्यांच्या इस्पितळाचं एक मोठं फाटक सोडून दुसरं काहीच नव्हतं. त्यातल्या सहा जणी त्या फाटकातून आत जाऊन बाहेर आलेल्या होत्या आणि सातव्या हिराला लहानपणापासून त्याची भीती घातली गेली होती. म्हणून मी "जिल्ह्याला जाऊन येते" असं म्हणत असे. दुसरा रिवाज सकाळच्या तीन प्रश्नांचा. चहाचे पेले हातात आले, की मी एकेकीला विचारायची: तुझं नाव काय, आज वार कोणता, आपण कुठं आहोत. ज्या दिवशी उत्तरं अडखळत, त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करायची. नऊ वर्षांची ती वही माझ्या अक्षरात भरलेली होती.

रुक्साना त्या प्रश्नांना कधी सरळ उत्तर देत नसे. मागवाल्याची बायको, तिसऱ्या बाळंतपणानंतर बिघडलेली, आता शाबूत, जीभ माझ्यापेक्षा धारदार. "आज मंगल है सिस्टर, तुम्हारे माथे पे लिखा है," असं ती म्हणे. आणि आपण कुठं आहोत म्हटलं, की, "जहाँ तुम ले जाओ. अपना क्या!" सगळ्या हसत. हिरा हसत नसे. तिचं उत्तर पाटीवर लिहिल्यासारखं ठरलेलं होतं. "पूर्णा. बापसाचे घरान." बापाच्या घरात, असं म्हणून ती चहाचा पहिला घोट घेई, त्याआधी नाही.

धर्माशेठ गेले त्या सुमारास खाचरं बुजायला लागली होती. एका पावसाळ्यात पलीकडच्या शेतात भात होतं, पुढच्या पावसाळ्यात मुरुमाचा ढीग आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात निळ्या पत्र्याचं एवढं मोठं गोदाम, की सकाळचं ऊन आधी त्याच्या छपरावर आपटून मग आमच्या अंगणात येई, तेही निळसर आणि शिळं होऊन. जिथं बेडूक ओरडत, तिथं मागे येणाऱ्या ट्रकांचे भोंगे ओरडू लागले. पावसाचं पाणी वाहून जायला वाट राहिली नाही. ते आमच्या पडवीत येऊन बसे. गावात नव्या मोटारी आल्या, देवळाला संगमरवर लागला, आणि ज्या सुना आमच्या शेवग्याखालून पोरांना जाऊ देत नव्हत्या, त्या आता स्वतःच पायी कुठं जात नव्हत्या.

धर्माशेठचा मुलगा बाळारामशेठ नकाशा घेऊन आला, तो ट्रस्टच्या सेक्रेटरींना बरोबर घेऊनच. पुढच्या बाजूला गोदाम, मागे तीन मजली इमारत, त्यातला पहिला मजला आमचा. कागदावर वर ठळक अक्षरांत 'पुनर्विकास' असं लिहिलेलं होतं. मला तो नकाशा आवडला. खोटं का लिहू? गळक्या कौलांना, पडवीत शिरणाऱ्या सापांना, पावसाळ्यात तुंबणाऱ्या संडासाला मी कंटाळले होते. नकाशात फरशी होती, नळाला पाणी होतं, प्रत्येक खोलीला संडास होता. खाटांच्या जागी आयत काढलेले होते, ते मी बोटानं मोजले.

"सहाच आहेत," मी म्हणाले.

"सातव्या खाटेचं बघू," सेक्रेटरी म्हणाले. ते सज्जन गृहस्थ होते. 'बघू' हा शब्द ते फार मऊपणे उच्चारत.

अडचण खाटेची नव्हती, सातबाऱ्याची होती. बापामागे जमिनीवर मुलाबरोबर मुलींचीही नावं चढली होती. आमच्याकडे रीत अशी, की बहिणी भावाबरोबर जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करतात, भाऊ साडी घेतो, गोडाचं जेवण घालतो आणि माहेरचा दरवाजा उघडा राहतो. जी सही करत नाही, तिच्या साडीचा खर्च वाचतो आणि दरवाजाही बंद होतो. बाळारामशेठच्या धाकट्या बहिणीनं सही केली होती. हिराची राहिली होती आणि वेड्या माणसाची सही कायद्याला चालत नाही.

तो पडवीत आला, चपला बाहेर काढल्या, पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, त्यात उद्धटपणाही नाही.

"सिस्टर, हिरीला सही येते का?"

"येते."

"तशी न्हाय. सायबासमोर. शान्या मानसासारकी."

"ती शहाणीच आहे. गोळ्या वेळेवर घेतल्या की."

"मंग झाला तर!" तो मोठ्यानं हसला. "पंधरा दीस तिला अशीच शानी ठेव. मंग तुझी बिल्डिंग उभी."

मी पंधरा दिवस नाही, तीन आठवडे घेतले. सकाळच्या तीन प्रश्नांत आणखी तीन घातले. कशाची सही करायची? कुणाला हिस्सा सोडायचा? कुणी जबरदस्ती केली का? हिरा कापडाचे धागे कापता कापता ती उत्तरं घोकत असे, ओठ हलत आणि कात्री त्याच तालात चाले. ती चुकली, की मी तिच्या हातातली कात्री काढून घ्यायची आणि उत्तर बरोबर आलं, की परत द्यायची. ही पद्धत मी कुठं शिकले नव्हते, आपोआप सुचली. तिला मी फसवलं नाही, हेही खरं आहे. भावाला जमीन द्यायची आणि बदल्यात नवं घर मिळायचं, हे तिला नीट समजावलं होतं. तिनं एकच विचारलं, "उगवतीची खोली?" मी बाळारामशेठकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "देऊ गो, देऊ." मी वहीत लिहिलं: 'भान पूर्ण. स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यास समर्थ.' त्याखाली डॉक्टरांनी सही केली.

नोंदणीच्या कचेरीत उकडत होतं. नुकतेच तिथं संगणक आले होते. अंगठ्याचा ठसा काचेवर घेत आणि खुर्चीत बसवून फोटो काढत. हिराला मी चापूनचोपून हिरवं पातळ नेसवलं होतं, केसांना पाणी लावून बसवलं होतं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कुठं राहता बाई?"

"पूर्णा. बापसाचे घरान."

"कशाची सही आहे ही?"

"भावासला हिस्सा सोडते."

"राजीखुशीनं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पापणीही हलवली नाही, पण तिला काय दिसायचं ते दिसलं. "राजीखुशीनं," ती म्हणाली आणि मग, जे मी शिकवलं नव्हतं ते, "पन उगवतीची खोली माझी."

कारकून हसला. "ते कागदात नाही हो बाई." तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं, आम्हा तिघांकडे एकेक क्षण, आणि पुढचा कागद ओढला. बाळारामशेठनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. फोटोतली हिरा शाळेत पहिली आलेल्या मुलीसारखी दिसते. मला तिचा अभिमान वाटला होता. ती भावना मी विसरायला हवी होती, पण ती तशीच्या तशी, ताजी, राहिली आहे.

बांधकाम होईपर्यंत ट्रस्टनं दिघाशीला घर भाड्यानं घेतलं. तिकडं अजून झाडं होती. उन्हाळ्यात मोहाची फुलं पडत आणि सगळ्या आळीला गुळचट, आंबूस वास येई. पावसाळ्यात हिरवा रंग इतका दाटे, की घरातल्या भांड्यांनाही त्याची झाक येई. सहा जणी महिन्याभरात रुळल्या. मी विचारी, आपण कुठं आहोत, त्या म्हणत दिघाशी. हिरा म्हणे, "पूर्णा. बापसाचे घरान." पहिले काही दिवस मी दुरुस्त केलं. एकदा तिनं पेला खाली ठेवला आणि मला समजावून सांगितलं, जसं मी तिला समजावत असे तसं, सावकाश: "दिघाशी तुझी. माझी पूर्णा." तिला आपण कुठं आहोत ते माहीत होतं. विहिरीवर जाताना वाट चुकत नव्हती, दुकानदाराला "तुमचे दिघाशीला मच्छी चांगली न्हाय" असं सुनवत होती. प्रश्नाचं उत्तर मात्र ती बदलत नव्हती, कारण ते उत्तर मी तिच्याकडून तीन आठवडे घोकून घेतलं होतं आणि त्या उत्तराच्या बदल्यात तिला एक खोली कबूल झाली होती. भान जाणं आणि हट्ट धरणं यांतला फरक मला कळतो. तीस वर्षं मी तेच काम केलं आहे.

दीड वर्षानं इमारत झाली. बाळारामशेठ किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत दिघाशीला आला. हिरा मागच्या दारी कपडे धूत होती.

"सहाच खाटी हायेत," तो म्हणाला. "हिरी न्हाय."

"ती तुमची बहीण आहे."

"म्हनून तर सांगतंय. ती येल आन उगवतीची खोली मागंल. उगवतीला आता गोडाऊन हाय, तिथं भितीला खिरकीपन न्हाय. मंग रोज दारान बसून बोंबलंल, ड्रायवर लोकं हसतील. बापसाची इज्जत हाय आमची."

"मग तुमच्या घरी ठेवा."

"घरान सुना आल्यात." त्यानं जुडगा मुठीत बंद केला. "हिरी आली तर चावी न्हाय, सिस्टर. बघ तू."

मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही व्यवहारी आहात सिस्टर. तुमच्या अहवालावर आम्ही चालू." दिघाशीच्या घराचा करार संपत आला होता. एका बाजूला सहा खाटा होत्या, दुसऱ्या बाजूला एक खोली, जी आता कुठं नव्हतीच. मी त्याच वहीत, त्याच निळ्या पेनानं लिहिलं: 'स्थळाचे भान नाही. गटनिवासास अयोग्य. इस्पितळात दाखल करण्याची शिफारस.' डॉक्टरांनी मागची पानं चाळली. दीड वर्ष रोज सकाळी एकच उत्तर, आणि ते चूक. त्यांनी सही केली. रोजच्या उत्तरांची माझी नोंद शब्दशः खरी होती. खोट्यापेक्षा असल्या खऱ्यानं काम लवकर होतं.

मार्गशीर्षातली ती सकाळ होती. दवात भिजलेल्या पेंढ्याचा वास, अंगणात तिरकं, पातळ ऊन. मी हिराला म्हणाले, "चल, अकलोलीला जायचंय."

"माघ कुठं लागलाय?" तिनं लगेच विचारलं.

"यंदा गर्दीच्या आधी जाऊ."

"आन ह्या?"

"या नंतर येतील. एका गाडीत मावत नाहीत."

नऊ वर्षं त्या सातही जणी एकाच गाडीत मावत आलेल्या होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन पिशवीत टॉवेल भरला, बदलायचं पातळ भरलं, तेलाची छोटी बाटली कागदात गुंडाळून ठेवली. गाडीत पुढं बाळारामशेठ बसला होता. "दादूस आंघोलीला?" ती म्हणाली आणि तो काचेबाहेर बघू लागला. रुक्साना दारात उभी होती. "मेरे वास्ते भी एक डुबकी," ती ओरडली आणि गाडी निघाली.

फाट्यावर गाडीनं अकलोलीकडे जाणारा वज्रेश्वरीचा रस्ता धरला नाही. हिरानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. भिवंडी आली, मागांची खडखड काचेतून आत आली, बोळांतून रंगाचं पाणी वाहत होतं. मग गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि दोन्ही बाजूंनी निळे पत्रे सुरू झाले, एकसारखे, गावांच्या पाट्या झाकून टाकणारे. ज्या जागेला मीसुद्धा पटकन ओळखलं नसतं, शेवगा नाही, खाचर नाही, पडवी नाही, तिथं हिरानं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"सिस्टर. आज गुरवार. आपन पूर्णाला आलो."

नाव तेवढं तिनं सांगितलं नाही. ते मला माहीत होतंच. तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं कुणी न विचारता, दोन्ही बरोबर. वही माझ्या पर्समध्ये होती. ड्रायव्हरनं वेग थोडा कमी केला, त्याला वाटलं इथंच थांबायचं असेल. बाळारामशेठ मागे न वळता म्हणाला, "चल, चल." मी थांब म्हणाले असते, तर गाडी थांबली असती. ते मी म्हणाले नाही. काशेलीच्या पुलावर खाडीचा वारा आत आला, चिखलाचा, खारट, आमच्या दोरीवरच्या कपड्यांतून वाहायचा तोच, आणि हिरानं माझ्या मांडीवरचा हात काढून पिशवीवर ठेवला.

मोठ्या फाटकाच्या आत झाडं पुष्कळ आहेत, सावली चांगली आहे. तरुण डॉक्टरीण होती, तिनं हिराला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्यापेक्षा मऊ आवाजात विचारलं, "आपण कुठं आलोय, माहीत आहे का ताई?"

हिरानं माझ्याकडे पाहिलं. कचेरीत पाहिलं होतं तसंच. पण या वेळी तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी होतं, ज्याला मी आजवर नाव दिलेलं नाही.

"अकलोलीला," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मी ते खोडून काढलं नाही.

तिथं तिथलेच कपडे घालायला देतात, म्हणून पिशवी परत मिळाली. बाळारामशेठ गाडीतून वाटेतच उतरला. मी दिघाशीला पोचले, तेव्हा दुपार कलली होती आणि सहा जणी ओसरीवर धागे कापत बसल्या होत्या. हिराला अकलोलीच्या बाजूला एका नातेवाइकाकडे ठेवलं, असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं आणि तसं सांगितलं. रुक्साना उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली, टॉवेल बाहेर काढला. त्याची घडी सकाळी घातली तशीच होती. तिनं तो नाकाशी धरला. मग पुढच्या बाईला दिला, तिनं पुढच्या. सहाही जणींनी त्या कोरड्या टॉवेलाचा वास घेतला, एकीनं दुसरीला देत, देवाच्या आरतीसारखा. शेवटी रुक्सानानं तो झटकला आणि ओला असल्यासारखा दोरीवर नीट पसरून चिमटे लावले.

त्या महिन्यात आम्ही नव्या इमारतीत गेलो. फरशी आहे, नळाला पाणी आहे, प्रत्येक खोलीला संडास आहे. नकाशातलं सगळं मिळालं. ऊन मात्र कुठल्याच खोलीत येत नाही. उगवतीला गोदामाची भिंत आहे, ती दुपारपर्यंत थंड आणि नंतर तापते. मी हिराला दोनदा भेटायला गेले. पहिल्या वेळी ती बोलली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, "टॉवेल आनलास का?" मी आणला नव्हता. त्यानंतर गेले नाही; कामं असतात.

माघ आला. मी नेहमीप्रमाणे गाडी ठरवली, सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "चला, अकलोलीला जायचंय." पेले हातांत तसेच राहिले. एक जण उठून खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दुसरीनं खिडकीचा गज धरला. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. रुक्साना चादरीची घडी घालत होती. तिनं ती पुरी केली, उशीवर ठेवली आणि अगदी सरळ, कुठलाही टोमणा नसलेल्या आवाजात विचारलं,

"किसका नंबर है, सिस्टर?"

मी म्हणाले, खरंच अकलोली आहे. सगळ्यांनी जायचंय. मी शपथ घेतली. मी शपथ घेणारी बाई नाही, तेही त्यांना माहीत होतं. शेवटी ड्रायव्हर वर आला, म्हणून मी एकटीच खाली उतरले आणि गाडीत बसले. कुंडावर दाट वाफ होती, लांबून आलेल्या बाया एकमेकींच्या पाठी घासत होत्या. मी पाण्यात गेले नाही. कडेला बसून वीस लिटरचा कॅन भरला, झाकण घट्ट लावलं आणि परत आले. घरी पोचेपर्यंत पाणी निवलं होतं, पण वास तसाच होता. कॅन मी मोरीत ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही.

सकाळी पाहिलं, तर कॅन अर्धा रिकामा होता. मोरी ओली होती, पण ती रोजच ओली असते. चहा झाला, मी नावं विचारली, वार विचारला. तिसरा प्रश्न मी आता विचारत नाही. सहाही जणींनी केस विंचरून, तेल लावून, घट्ट बांधले होते आणि त्या खाली मान घालून धागे कापत होत्या. रात्रीतून कुणी त्या पाण्यानं डोकं धुतलं होतं, की कुणी ते ओतून दिलं होतं, हे एकीच्याही मागे जाऊन मानेशी जरा वाकलं असतं तर कळलं असतं. मी कात्र्यांचा डबा उचलला आणि दाराशीच उभी राहिले.